कोंबड्यांची परात

मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर मला विचारलं गेलं, "भाऊ, पिंजऱ्यातल्या कोंबडीला खरंच किती त्रास होतो?" आणि मी म्हणालो, "विशेष काही नाही. सवय होऊन जाते त्यांना."

हे खोटं होतं. खोटं आहे हे त्या हॉलमध्ये फक्त मलाच माहीत होतं, कारण अंड्यांच्या फार्मवर काम केलेला तिथे मी एकटाच होतो. त्या एका वाक्यावर मंडळाचा निर्णय फिरला. तो का फिरवला आणि पुढे काय झालं ते आता लिहून टाकतो. वय पन्नाशीकडे आलं. बोलायची सवय मला कधी नव्हती.

सिल्वासात आम्हा खानदेशी लोकांचं एक मंडळ आहे. बहुतेक जण मसाटच्या कारखान्यांत. मी स्वतः एका यार्नच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. थोडे सरकारी नोकरीत, दोन-चार शिक्षक. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही कानबाई देवी बसवतो. गावाकडे हा सण भाऊबंदांनी मिळून करायचा. इथे भाऊबंद कुठून आणायचे? म्हणून मंडळच भाऊबंद. वर्गणीतून जे उरतं ते विसर्जनानंतर जनावरांच्या कामाला द्यायचं, अशी पद्धत पडून गेली आहे; आणि जनावर म्हणजे गाय, हे धरूनच चालायचं. गोशाळेत जायचं, गूळ भरवायचा, फोटो काढायचा, परत यायचं.

या वर्षी बाईंनी आडकाठी घातली. बाई म्हणजे मराठी शाळेतल्या शिक्षिका, मूळच्या धुळ्याकडच्या, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. एकट्या, शिस्तीच्या, आणि एखादी गोष्ट डोक्यात घेतली की सोडत नाहीत.

"गायीला देऊ नका असं मी म्हणत नाही, आबा," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. आबा म्हणजे वीज खात्यातून निवृत्त झालेले आमचे अध्यक्ष. "पण आपल्या पैशाने कुणाचं किती दुःख कमी झालं, हे एकदा तरी बघायला नको का? गोशाळेला शंभर ठिकाणांहून मिळतं. अंड्यांच्या फार्मवरच्या कोंबड्यांना कोण देतं?"

"आपण देतो ना," मागून एक जण म्हणाला, "आलं-लसूण देतो, खोबरं देतो, गरम मसाला देतो."

हॉल खदखदून हसला. आबांनी दटावलं, "श्रावण चालू आहे रे. कानबाई बसायची आहे. तोंड सांभाळा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, काही तरुण मुलं एक छोटी संस्था चालवतात. ती फार्मच्या मालकांना जाऊन भेटतात, पिंजरे काढून मोकळ्या शेडमध्ये कोंबड्या कशा ठेवता येतील ते दाखवतात, उपाशी ठेवण्याची पद्धत बंद करा म्हणून मागे लागतात. त्यांना आपल्या भागासाठी एक माणूस ठेवायचा आहे. "तीनच गोष्टी बघायच्या," बाई म्हणाल्या. "जीव किती. त्यांना त्रास केवढा आणि किती दिवस. आणि आपण दिलं तर त्यात खरोखर फरक पडतो का. एक मालक ऐकला तरी अख्ख्या फार्मचा फरक पडतो."

"मग मच्छीचं काय, बाई? दमणला जाळ्यात किती येते, मोजा की."

"त्याचाही विचार कधीतरी करावा लागेल," बाई गंभीरपणे म्हणाल्या, आणि लोक आणखीच हसले.

आबा म्हणाले, "बाई, दुःख काय काट्यावर घालून मोजणार आहात?"

तेव्हा आबांची बायको, जी बैठकीत एरवी चकार शब्द काढत नाही, ती भिंतीशी बसल्या जागेवरून म्हणाली, "मुठीनं मोजा."

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेतात ते मुठीने, घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ. आमच्याकडे लहान पोरालाही हे माहीत असतं. तर ठरलं असं की रोटाच्या गव्हाला हात लावायचा नाही, ज्वारीचं पोतं आणायचं. तीन पराती मांडायच्या: गाय, रस्त्यावरचं कुत्रं, कोंबडी. ज्याला ज्याचं दुःख मोठं वाटेल त्याने तिथे आपली मूठ सोडायची. मूठ गच्च भरा नाहीतर चिमूटभर घ्या, तुमची मर्जी. मग तिन्ही पराती तोलायच्या. जी जड, तिला पैसे.

लोकांना हे आवडलं. खेळासारखं वाटलं असेल. पण पोतं उघडण्याआधी बाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ आधी रांध्याकडे पोल्ट्रीत होते म्हणे. त्यांनीच सांगावं. ते सांगतील ते मी मान्य करीन."

माझ्या शेजारी माझी बायको बसली होती. आणि मी ते वाक्य बोललो, सवय होऊन जाते.

कोंबडीच्या परातीत ज्वारीने तळसुद्धा झाकला नाही. माझी स्वतःची मूठ मी गायीला दिली. बाई फक्त म्हणाल्या, "तुम्ही जवळून पाहिलंय, भाऊ. मग माझंच काहीतरी चुकलं असेल."

त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आता फार्मचं सांगतो. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो. जळगाव जिल्ह्यातून आलो, नवीन लग्न, बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी. रांध्याच्या पुढे एका शेठची अंड्यांची चार शेड होती. लोखंडी तारेचे पिंजरे, एकावर एक तीन मजले. एका पिंजऱ्यात चार-पाच कोंबड्या. पंख उघडायला जागा नाही, बसायला सपाट जमीन नाही, पायाखाली तार. त्या तारेवर दीड वर्ष.

पिल्लं लहान असतानाच त्यांची चोच कापायची, म्हणजे पुढे एकमेकींना टोचून मारत नाहीत. तापून लाल झालेलं पातं असतं. एक बाई पिल्लू हातात द्यायची, मी त्याचं तोंड पात्याला लावायचो. नख जळाल्यासारखा वास यायचा. पिल्लू किंचाळायचं, तोवर दुसरं हातात. घाईत कधी जीभ मध्ये यायची. जीभ गेलेलं पिल्लू खाणार कसं? मी त्याचे पाय धरून खांबावर आपटायचो. आधी एकदोनदा डोळे मिटले. नंतर बोलता बोलता आपटायला लागलो.

हे सगळ्याच फार्मवर होतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. त्यामुळे हे माझ्या छातीवर तितकंसं बसलेलं नाही. बसलंय ते वेगळं आहे.

दीड वर्षाने अंडी कमी झाली की शेठ म्हणायचे, "चार नंबरने उपवास पर मूकी दे." म्हणजे चार नंबरच्या शेडला उपासावर ठेव; आमच्याकडे त्याला उपासच म्हणायचे. कोंबड्यांचं खाणं दहा-बारा दिवस पूर्ण बंद करायचं. पिसं गळतात, अंगातलं सगळं वाळतं, अंडं थांबतं. मग पुन्हा खाणं सुरू केलं की काही महिने त्या जोरात अंडी देतात. नवी पिल्लं आणण्यापेक्षा हे स्वस्त. पाणी मात्र चालू ठेवायचं, हे शेठनी बजावलं होतं.

पाणी मी बंद केलं. शेठनी नाही. दुसऱ्या एका फार्मवरच्या सुपरवायझरने मला सांगितलं होतं की पाणीही तोडलं की पिसं पटकन गळतात, चार दिवस वाचतात. शेठसमोर हुशारी दाखवायची होती, बाकी काही कारण नव्हतं. वैशाखाचे दिवस होते. मी चार नंबरच्या टाकीचा वॉल फिरवला आणि चावी खिशात टाकली.

पहिल्या दिवशी त्या नुसत्या ओरडत होत्या. बाजूच्या शेडमध्ये खाण्याची गाडी फिरली की चार नंबरमध्ये एकच कल्लोळ. दुसऱ्या दिवशी ओरडणं कमी झालं आणि टकटक सुरू झाली, हजारो कापलेल्या चोची रिकाम्या पत्र्याच्या पन्हळीवर आपटत होत्या. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज, दिवसभर. मग त्यांनी एकमेकींची पिसं उपटून खाल्ली. पिसांखालचं मांस दिसलं की तिथेच टोचायचं. जी खाली बसली तिच्यावर बाकीच्या चढायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये शिरलो तर अंडी गोळा करणारी बाई कळशी काखेत घेऊन पन्हळीत पेल्याने पाणी ओतत होती. वारली बाई होती, माझ्याच वयाची. कोंबड्यांनी तारेतून माना बाहेर काढल्या होत्या, एकीच्या मानेवर दुसरीचा पाय, आणि ती म्हणत होती, "थांबा गं, थांबा, सगळ्यांना देते."

मी ओरडलो. ती दचकली नाही. म्हणाली, "पाण्यानं काय बिघडंल? जीव हाय ना त्यांना."

माझ्या हातात पाण्याच्या पाइपचा तुकडा होता, लोखंडी. मी तिच्या पेल्याच्या हातावर तो मारला. मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज कोंबड्यांच्या गोंगाटातही मला ऐकू आला. कळशी पडली. ती खाली बसली, हात मांडीवर धरून. ती रडेल असं मला वाटलं. ती वर बघत राहिली, माझ्याकडे नाही, पिंजऱ्यांकडे. मग उठली आणि निघून गेली.

तिने पाणी दिलं म्हणून मी आणखी एक दिवस पाणी बंद ठेवलं. हे लिहायला मला सर्वांत जड जातंय. त्याचा शेठच्या फायद्याशी संबंध नव्हता, पिसांशीही नव्हता. मला फक्त राग आला होता.

चौथ्या दिवशी दुपारी शेडमध्ये आवाज नव्हता. मी वॉल उघडला तेव्हा निम्म्यांना उठता आलं नाही. ज्या उठल्या त्या बाकीच्यांना तुडवत पाण्यापर्यंत गेल्या आणि तिथेच काही मेल्या. शेडच्या मागे खड्डा खणला. टोपल्या भरभरून ओतल्या. सगळ्या मेलेल्या नव्हत्या. ढिगातून एखादी मान वर यायची, लाल, पिसं नसलेली. मजूर थांबले. मग मीच फावडं घेतलं. मान वर आली की फावडं मारायचं. वर चुना, वर माती. माती टाकल्यावरही ती एका जागी थोडी हलत होती, म्हणून मी त्यावर उभा राहिलो.

शेठना सांगितलं, उन्हाने मेल्या. शेठ म्हणाले, "गरमी बहु छे." त्या बाईचा नवरा एकदा फाटकाशी आला होता. मी वॉचमनला म्हणालो, हाकल त्याला. वॉचमनने काठीने हाकललं. ती बाई परत आली नाही.

पुढच्या वर्षी मी मसाटला नोकरी धरली. अंडं तेव्हापासून खाल्लेलं नाही. घरी सांगितलं, पित्त होतं. बायको इतकी वर्षं माझ्यासाठी आवळ्याची सुपारी करून ठेवते आणि मी ती खातो.

बैठकीत मी खोटं का बोललो ते आता समजलं असेल. त्रास किती हे सांगायचं तर मला कसं कळलं हेही सांगावं लागलं असतं.

बाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. पैसे विसर्जनानंतर द्यायचे होते, मध्ये दहा-बारा दिवस होते. त्या म्हणाल्या, "निर्णय झाला तो झाला. पण मी आयुष्यात फार्म पाहिलेलं नाही. एकदा बघू द्या." त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील एका फार्मवर गाडी चालवतात, त्यांच्या ओळखीने परवानगी मिळाली. रविवारी सकाळी आबांची गाडी काढली. आबा, बाई आणि मी. मला कामं आहेत म्हणून पाहिलं, पण बाई म्हणाल्या, "तुम्हीच नसाल तर आम्हाला समजावून कोण सांगणार?"

फार्म माझं नव्हतं, वेगळं होतं. तिथला सुपरवायझर तिशीचा, दाढी नीट राखलेला, हिंदीत बोलणारा. चहा दिला. दोन शेड दाखवली. तिथे नेहमीचा कलकलाट होता, बाईंनी नाकाला पदर लावला. तिसऱ्या शेडच्या दाराशी तो म्हणाला, "यहाँ कुछ देखने जैसा नहीं है," तर आबा त्याच्याआधी आत शिरले.

आत शांतता.

"बघा बाई," आबा खूश होऊन म्हणाले, "तुम्ही म्हणता त्रास, त्रास. किती शांत आहेत! आपल्या इमारतीत तरी असते का एवढी शांतता?"

पन्हळी चाटूनपुसून चकचकीत झाल्या होत्या. पाठी उघड्या पडलेल्या, लाल. मी जवळ जाऊन पाण्याच्या नळीची चोखणी बोटाने दाबली. बोट कोरडं राहिलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. "भाऊ, शांत आहेत म्हणजे बऱ्या आहेत ना?"

"नाही," मी म्हणालो. "ओरडायची ताकद संपली की अशा होतात. तीन दिवस झाले असतील. पाणीही बंद केलंय."

सुपरवायझर हसला. "अरे अंकल तो जानकार निकले! एक ही दिन का है पानी का. कल खोल देंगे."

"आज खोल."

"आप मेहमान हो, मेहमान की तरह रहो."

वॉल कुठे असतो हे मला कुणी सांगायला नको होतं. शेडच्या टोकाशी, टाकीखाली. मी तिकडे चालत गेलो आणि तो फिरवला. त्याने मागून कॉलर धरली. मी वॉल सोडला नाही. त्याने मला ओढून पिंजऱ्यांच्या लोखंडी पट्टीवर आपटलं, भुवई फुटली. मी त्याच्या पोटात कोपर मारलं, त्याने माझ्या तोंडावर दोन ठोसे दिले, खाली पडल्यावर लाथ. एवढ्यात नळ्यांमध्ये पाणी आलं आणि वर एकदम गोंधळ उडाला. जमिनीवरून मला खालचा पिंजरा अगदी डोळ्यांसमोर होता. एक कोंबडी दुसरीच्या डोक्यावर उभी राहून पीत होती. खालचीचा डोळा तारेत दाबला गेला होता. मी बोट घालून तिला सोडवू बघत होतो आणि माझ्या बरगडीत लाथा बसत होत्या.

"अरे सोड त्याला! म्हातारा माणूस आहे तो!" आबा ओरडत होते. मी म्हातारा नाही, पण आबांना सुचलं ते असं.

त्याने वॉल पुन्हा बंद केला. पाणी दोन-तीन मिनिटं आलं असेल. कुणाला मिळालं, कुणाला नाही.

गाडीत आबांनी माझ्यावर तोंड सोडलं. "डोकं फिरलं का रे तुझं? पोलीस आले असते म्हणजे? मंडळाचं नाव गेलं असतं! बैठकीत म्हणे सवय होते, आणि इथे मारामाऱ्या करतोस?"

बाईंनी ओला रुमाल माझ्या भुवईवर दाबून धरला होता. हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही त्या दिवशी खोटं बोललात."

"हो."

"का?"

मी सांगितलं. पातं, खांब, उपास, वॉल, खड्डा, फावडं. आबांनी गाडी बाजूला लावली. त्या वारली बाईचं मात्र मी तेव्हाही गिळलं.

कानबाईच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये सगळे जमले होते. बायका अळूची पानं निवडत होत्या, गंगाफळं चिरायची होती. आबा नाइलाजाने म्हणाले, "परातींचं पुन्हा करायचं आहे. भाऊला काही बोलायचंय." मी उभा राहिलो. बायको समोर विळीवर होती. मी सगळं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी मधे थांबलो नाही. पाण्याचा पेला, पाइपचा तुकडा, मनगट, फाटकाशी आलेला नवरा, सगळं.

आलं-लसणाचा विनोद करणारा तोच माणूस म्हणाला, "भो, हे त्या दिवशी बोलला असता तर आम्ही हसलो नसतो ना."

दुसरा म्हणाला, "कानबाईच्या आदल्या दिवशी हे कशाला काढायचं? घाण वाटतंय."

"वाटू दे," आबांची बायको म्हणाली. "पोतं सोडा."

माझ्या बायकोने विळी आडवी केली आणि हात पुसले.

लोक एकेक करून येऊ लागले. या वेळी हसणं नव्हतं. आबांनी आपली मूठ गायीलाच दिली, आणि दाबून गच्च भरून दिली. त्यांच्यामागे बरेच जण गेले. कुत्र्यांना थोडी मिळाली. पण बायकांच्या मुठी बहुतेक कोंबडीच्या परातीत पडल्या आणि ज्वारीचा ढीग चढत गेला. मी पोत्यात हात घातला तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमची मूठ नको, भाऊ. सांगायचं काम तुम्ही केलंत, तोलायचं आम्ही करू." रागाने म्हणाल्या नाहीत. मी हात झटकला आणि मागे सरलो.

सर्वांत शेवटी माझी बायको उठली. तिने मूठ भरली आणि तीन परातींपुढे उभी राहिली. मग तिने विचारलं, माझ्याकडे न बघता, सगळ्यांनाच विचारलं:

"आणि त्या बाईची परात कुठाय?"

बाईंनी मान खाली घातली. त्यांच्या तीन प्रश्नांत तिच्यासाठी जागा नव्हती, हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. मग त्या म्हणाल्या, "ते मंडळाच्या पैशाने व्हायचं नाही, वहिनी. ते भाऊंचं आहे."

बायकोने ज्वारी कुठल्याच परातीत टाकली नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि पुन्हा विळीवर बसली.

तिच्या मुठीविनाही कोंबडीची परात जड भरली. थोडीच, पण जड. विसर्जनानंतर पैसे त्या संस्थेला गेले. त्यांचा माणूस आला, कामाला लागला. मला मार पडला त्या फार्मच्या मालकाने आतापर्यंत एवढंच कबूल केलंय की उपासात पाणी तोडणार नाही. उपास चालू आहे, पिंजरे तसेच आहेत. बाई म्हणतात, पाण्यापासून सुरुवात तर झाली. आबा म्हणतात, एवढ्यात गोशाळेचं छप्पर झालं असतं. दोघांचंही मला पटतं.

घरी बायको कामापुरतं बोलत होती. आवळ्याची बरणी तिने फडताळातून काढून रिकामी केली होती. आठवड्याने ताट वाढताना तिने विचारलं, "शोधलं का?"

मी रविवारी रांध्याला गेलो. फार्म आता नाही, तिथे गोदाम झालंय. किराणा दुकानात विचारलं, मग एका पाड्यावर, मग दुसऱ्या. नाव मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. "पोल्ट्रीत हात मोडला ती," एवढंच सांगत गेलो. तिसऱ्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने कुडाच्या घराकडे बोट केलं.

ती अंगणात बसून तूर पाखडत होती. केस पांढरे. सूप ती डाव्या हाताने झटकत होती, उजव्याने नुसता आधार. उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. मी समोर उभा राहिलो. ओळख सांगायला तोंड उघडलं, त्याआधीच ती म्हणाली, "तू साहेब ना पोल्ट्रीतला."

"हो."

तिने बस म्हटलं नाही. मीही बसलो नाही. मी म्हणालो, माझी चूक झाली, मी तुझा हात मोडला, दवाखान्याचं, औषधाचं, जे काही असेल ते मी... तिने सूप थांबवलं.

"त्या कोंबड्या जगल्या का?"

जगल्या म्हणालो असतो तर चाललं असतं. तिला कोण सांगायला येणार होतं?

"थोड्या जगल्या," मी म्हणालो. "पुष्कळ मेल्या."

"पाण्यावाचून?"

"हो. तू गेल्यावर मी अजून एक दिवस बंद ठेवलं. तुझ्यावरच्या रागाने."

ती माझ्याकडे बघत राहिली. शेडमध्ये तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. मग सूप बाजूला ठेवून, डावा हात गुडघ्यावर टेकून उठली.

"मंग मला कशाला सांगाया आलास?" ती म्हणाली, आणि आत गेली.

मी अंगणात उभा होतो. दार तिने लावलं नव्हतं. आत भांड्यांचा आवाज येत होता. हाक मारायची तर नाव अजून मला माहीत नव्हतं. बराच वेळ थांबलो, ती बाहेर आली नाही. मग तिची तूर अंगणात फिरणाऱ्या कोंबड्यांनी विस्कटायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना हाकलायला मी हात उचलला आणि तसाच खाली घेतला.